ज्वारीच्या रानातली पिचर

आमच्या हसनाबादच्या मुलींच्या बेसबॉल टीमची दोनच दुखणी होती. एक तर आमची बॅट चेंडूला लागायची नाही, आणि दुसरं म्हणजे पिचर दमली की तिच्या जागी चेंडू फेकायला कुणीच नसायचं.

मग आम्हाला खेळ शिकवणाऱ्या कल्याण सरांनी दैवशालाला शोधून आणलं. ज्वारीवर पाखरं बसली की ती बांधावरून असा खडा फेकायची की अख्खा थवा एका झटक्यात उठायचा.

जालन्याच्या सामन्यात आम्ही रडतखडत दोन रन काढले आणि शेवटच्या डावापर्यंत एका रननं पुढं राहिलो. नेमकी तेव्हाच आमची पिचर दमली. सरांनी दैवशालाच्या हातात चेंडू दिला.

"घाबरू नको. ज्वारी राखताना कसं फेकती? बिलकुल तसंच फेक."

तिनं फेकला. बॅटवालीच्या कानाजवळून सूं करत चेंडू माझ्या हातात आला, कारण मागं कॅचर मीच होते. पुढचेही सगळे तसेच. असे चार बाहेर गेले की बॅटवाली फुकटात पहिल्या बेसवर जाते. एकीमागून एक अशा त्या नुसत्या चालत गेल्या, चालतच रन झाले आणि आम्ही हरलो.

सर तणतणत आले. "अगं, एक तरी बराबर टाकायचा! रानात बी असाच फेकती का?"

दैवशाला बावरून म्हणाली,

"असाच की, सर. पाखरं उडवायची असत्यात, त्यांना लागू थोडंच द्यायचं असतंय?"