डाव्या हेडलाइटमधली वाफ

तिसऱ्यांदा! पोलादपूरहून महाडच्या गॅरेजात मी तिसऱ्यांदा खेप घालतेय आणि गाडीच्या डाव्या हेडलाइटमध्ये वाफ तशीच. तीसुद्धा भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी.

"चंदूभाऊ, काच उघडून वाळवलीत ना? सिलिकॉन भरलंत ना? मग हे काय आहे?"

चंदूभाऊ हेडलाइटसमोर उकिडवे बसले होते. आतून काचेवर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.

"मॅडम, रागावू नका. तुमी बोलता ना, तशीच धरतेय ती. जरा श्वास रोखून बघा."

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला गप्प बसवायची ही कुठली तऱ्हा? पण यांचं बोलणं किती फालतू आहे ते दाखवायचंच, म्हणून मी तोंड गच्च मिटलं आणि श्वास रोखला.

वाफ विरली. काच लख्ख झाली.

चंदूभाऊ झटकन उठून मागे सरकले. "बास, मॅडम. घ्या आता श्वास."

मी तोंड उघडलं. आत काहीच आलं नाही.

"मॅडम, घ्या ना!"

काच कोरडीच होती.