मीटिंग रूम नंबर नऊ

"धामणस्कर, कंपनीची डिरेक्टरी नव्या सर्व्हरवर नेताना एक जरी नाव गळलं, तर चौकात अर्धी मिशी उतरवायची. बोल!" शेजारच्या नलावडेने पैज मांडली.

"उतरवतो! आणि नाही गळलं, तर तुझी," धामणस्कर मिशीला पीळ देत म्हणाला.

आताशा प्रत्येकाचा मेलबॉक्स जुन्या पत्रांवरून मालकासारखा बोलायला शिकला होता. माणूस गेला की कंपनी महिन्याभरात त्याचा मेलबॉक्स पुसायची. धामणस्करची बायको वृंदा त्याच ऑफिसातली. ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी तिचा मेल यायचा, "अहो, डबा विसरलात ना?" कारण पठ्ठ्याने तिचं खातं माणसांतून काढून मीटिंग रूम नंबर नऊ म्हणून नोंदवलं होतं. खोल्या कोण पुसतंय?

रविवारी दुपारी यादी जुळली. एकही नाव गळलं नव्हतं. धामणस्करने त्याच जोशात जुना सर्व्हर पुसला आणि वृंदाला लिहिलं, "जिंकलो गं!"

उत्तर आलं, "ही खोली सोमवारी दहा ते अकरा मोकळी आहे."

त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. नव्या सर्व्हरने खोल्यांची नुसती वेळापत्रकं आणली होती, पत्रं नाहीत.

संध्याकाळी चौकात अख्खी कॉलनी जमली. नलावडे हसत खुर्चीत बसला. "हरलो बाबा! चालव वस्तरा."

धामणस्करने त्याला दंड धरून उठवलं आणि स्वतः बसला.

"येड्या, तू जिंकलायस!"

"एक गळलंय," धामणस्कर म्हणाला, आणि टाळ्या पिटणाऱ्या गर्दीसमोर त्याने आपली अर्धी मिशी उतरवली.