वळणगावात कोणी मरत नाही

"सव्वीस वर्षं आपण हे वाक्य चुकीचं छापतोय," संपादक म्हणाला आणि हस्तलिखिताचं पिवळं पान त्यानं टेबलावरून पुढे सरकवलं. "बघा काकू. लेखकानं लिहिलंय, 'वळणगावात कोणी कर भरत नाही.' आणि आपण छापतो काय? 'वळणगावात कोणी मरत नाही.'"

काकूंनी चष्मा वर केला, मग खाली केला. या प्रकाशनात पहिल्या पुस्तकापासून मुद्रितं त्याच तपासत होत्या. लेखकाचं अक्षर त्यांना चांगलं आठवत होतं. त्याचा भ आणि म वेगळे करायला भिंग लागायचं.

टेबलापलीकडे नर्स बसली होती. ड्यूटीवरून तशीच आली होती, बुटांचे बंद सैल करून. मांडीवर त्याच पुस्तकाची पहिली आवृत्ती, पाठ उसवलेली, चिकटपट्टीनं बांधलेली. हे वाक्य दुरुस्त केलेलं नव्या आवृत्तीचं नमुन्याचं पान सकाळीच वाचकांना फोनवर पाठवलं होतं, ते वाचून ती आली होती. पुस्तक संध्याकाळी छपाईला जाणार होतं.

पुस्तक म्हणजे एका खेळाचं जग. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि पात्राच्या तोंडून बोलायचं. नकाशा, गावं, राजे, रोगराई, सगळं पुस्तक सांगेल तसं. दुसऱ्या आवृत्तीत राणीला मारलं. तिसरीत काळ शंभर वर्षं पुढे ढकलला आणि पूर्वेचा समुद्र पश्चिमेला नेला. का, तर नवी आवृत्ती विकायला काहीतरी नवं हवं. ज्यांची पात्रं बुडाली त्यांना कोण विचारतो. वळणगाव तेवढं टिकलं. तिथं कोणी का मरत नाही, यासाठी दुसऱ्या आवृत्तीनं विहिरीच्या पाण्याचा गुण शोधला, तिसरीनं देवी आणून बसवली. एका छापील चुकीला अख्खी देवी.

"आम्ही चौघं खेळायचो," नर्स म्हणाली. "माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एवढा धिप्पाड माणूस, पण पात्र घेतलं एका डोळ्याच्या थेरडीचं. येईल त्याला 'मेल्या' म्हणायची. तो आजारी पडला तेव्हा थेरडीही जखमी होती. एक फासा उलटा पडला की संपलीच. म्हणून मी तिला उचलून वळणगावात नेऊन ठेवली. पुढच्या गुरुवारी तो गेला."

संपादकानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"थेरडी तिथंच आहे. नऊ वर्षं. आम्ही कुठंही निघालो तरी वाटेत तिच्याकडे थांबतो. शिव्या खातो आणि पुढे जातो."

"शिव्या कोण देतं?" काकूंनी विचारलं.

"आळीपाळीनं. आधी कोणाला जमायच्या नाहीत. आता मला बऱ्यापैकी जमतात."

संपादक दगड नव्हता. पोरवयात त्यानंही हे फासे टाकले होते. "ताई, तुम्ही जुन्या पुस्तकावर खेळा ना. ते कोण काढून घेतंय तुमच्याकडून?"

"खेळात दोन नवी पोरं आलीत. ती नवं पुस्तक घेणार. पान उघडून दाखवतील, बघा, इथं माणसं मरतात. मग मला फासे टाकावे लागतील."

"पण लेखकाच्या शब्दाचं काय? तो बिचारा आता सांगायला यायचा नाही."

"माझाही यायचा नाही."

नर्सनं पुस्तकाची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली.

"वॉर्डात रोज माणसं जाताना बघते मी. माणूस मरतो हे मला शिकवू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या नकाशात एक गाव मागतेय. बाकी बुडवा खुशाल."

संपादकानं जुन्या आवृत्तीचं पान पुढ्यात ओढलं. त्यावर त्यानं सकाळीच लाल शाईनं 'मरत' खोडून वर 'कर भरत' लिहिलं होतं. "चूक ती चूक," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "आणि मला एक कळत नाही. भ चा म झाला, समजू शकतो. पण अख्खा 'कर' गेला कुठे?"

"मी उडवला," काकू म्हणाल्या.

संपादक त्यांच्याकडे बघत राहिला. हस्तलिखित उघडल्याशिवाय एक वेलांटीसुद्धा हलवायची नाही, हे त्याला काकूंनीच शिकवलं होतं. कामाला लागला त्याच दिवशी, चारचौघांत झापून.

"'कोणी कर मरत नाही' असं टाइप होऊन आलं होतं. म्हटलं, हा कर कुठून घुसला मध्येच. मारली काट. हस्तलिखित समोरच्या कपाटात होतं. उठायचा कंटाळा केला." त्यांनी पेन्सिल उचलली. "आण ते पान इकडे."

"काकू, अहो, आपल्याला माहीत असून चूक छापायची?"

"माझी चूक आहे. ती ठेवायची की काढायची, मी बघते."

लाल रेघेखालच्या 'मरत'खाली त्यांनी टिंबं द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. 'कर भरत'वर काट मारली. मग समासात स्वतःची सही केली. सव्वीस वर्षांत त्यांची सही कुठल्याच पानावर लागली नव्हती.

नर्स खुर्चीतून पुढे वाकली. "ही टिंबं कसली?"

"खोडलेल्याखाली टिंबं दिली की ते खोडलेलं धरायचं नाही. होतं तसं राहू द्यायचं."

नर्सनं टिंबं नीट बघून घेतली. इंजेक्शन भरताना सुई बघावी तशी.

"अजून दोन द्या," ती म्हणाली. "टाइप करणाऱ्या मेल्याचा भरवसा नाही."