कमी आवाजाचा सायलेन्सर

फिटरने दोन नट सोडले, गंजलेला तिसरा छिन्नीने उडवला आणि जुना सायलेन्सर खाली घेतला. तो जरा तिरका होताच त्यातून काळं, ओशट पाणी भळाभळा फरशीवर सांडलं.

तपासनीस दोन पावलं मागे सरला. “शी. हे माझ्या गाडीत होतं?”

“सगळ्यांच्याच असतं, साहेब. कुणी वाकून बघत नाही, इतकंच.”

तपासनीस पाण्याच्या प्रयोगशाळेत होता. बाटल्या उजेडासमोर धरायच्या आणि त्यात काय घाण आहे ते शोधायचं, हे त्याचं काम. वीस वर्षांत ते नजरेत असं मुरलं होतं, की ताटात, कपात, लोकांच्या नखांत त्याला आधी घाणच दिसायची. नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता तो. खरं तर माशी लांबूनच परत जात असावी.

फिटरने चहाचा कप पुढे केला. कपाच्या कडेला अंगठ्याचा काळा ठसा होता. तपासनिसाने कप दोन बोटांनी धरून फळीवर ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. फिटरने ते पाहिलं आणि तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

मग त्याने तीन नवे सायलेन्सर काढून बाकावर ओळीने मांडले. पान्याने एकेकावर ठोकून दाखवलं. पहिला डब्यासारखा वाजला, दुसरा जरा दबून. तिसरा वाजलाच नाही म्हणायला हरकत नाही.

“हा पहिला पोरंटोरं नेतात. मधला चांगला आहे, टिकतो. हा तिसरा जड आहे, आत भरण भरपूर. किंमत मात्र...”

“किंमत नका सांगू. आवाज सांगा.”

“आवाज नाहीच. गाडी शेजारी येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. पण साहेब, थोडा आवाज असावा गाडीला. समोरचा माणूस बाजूला होतो.”

“समोरच्या माणसाला डोळे असतात,” तपासनीस म्हणाला.

त्याला किळस आली होती. त्या काळ्या पाण्याची, फिटरच्या शहाणपणाची, आणि सगळ्यात जास्त आपल्याच गाडीची. वर्षापूर्वी सायलेन्सरला भोक पडलं, तेव्हापासून ती भडभडत घरी जायची. आज दुरुस्त करू, उद्या करू, करता करता वर्ष गेलं. बायकोही कधी मागे लागली नाही.

तसं त्या वर्षात घराला वळण लागलं होतं, हे खरं. पूर्वी तो संध्याकाळी घरी आला की पसारा, ओट्यावर उष्टी भांडी, टीव्हीचा कलकलाट. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस यायचा. आता घर आरशासारखं असायचं. बायको पाण्याचा ग्लास घेऊन दारात. त्याच्या आईचे गुडघे दुखायचे, ती आत पडून असायची. सांगितलेलं शेवटी डोक्यात शिरलं, असं त्याला वाटे.

फक्त मुलीचं डोकं दुखायचं. अकरा वर्षांची पोर, रोज संध्याकाळी खोलीत दिवा मालवून पडायची. तिच्याशी चार शब्द बोलून त्याला वर्ष झालं असेल. गेल्या आठवड्यात त्याने आणि बायकोने तिला डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठीक, रक्त ठीक. डॉक्टरांनी विचारलं, “कधी दुखतं गं?” मुलगी आईकडे बघत म्हणाली, “बाबांची गाडी आली की.”

त्या रात्री तो नीट झोपला नाही. आपल्या हलगर्जीपणाने पोरीचं डोकं फुटायची वेळ आली, हे त्याला स्वतःचंच घाणेरडं वाटलं.

फोन वाजला. बायको होती. “अहो, जुन्यालाच ठिगळ लावून मिळत नाही का?”

“मिळतं. आवाज राहतो.”

“राहिला तर राहिला. आम्हाला सवय झालीय.”

“सवय घाणीचीही होते. म्हणून काय घाणीत राहायचं? इथे तीन नवे आहेत, त्यातला मुळीच आवाज न करणारा घेतोय.”

“मग निदान मधला घ्या,” ती म्हणाली.

पैशांकडे बघतेय, पोरीकडे नाही. त्याने तोंड वाकडं करून ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि तिसऱ्या सायलेन्सरवर बोट ठेवलं. “हा बसवा.”

तासाभराने तो निघाला. गाडी चालू आहे की बंद, हे बघायला त्याला दोनदा काट्याकडे पाहावं लागलं. वाटेत तो स्वतःशीच हसलासुद्धा. आज मुलगी खोलीबाहेर असेल, तिला शेजारी बसवून चक्कर मारून आणायची, असं त्याने ठरवलं होतं.

फाटकाशी गाडी थांबली. दारात बायको नव्हती. बैठकीच्या उघड्या खिडकीतून हसण्याचा आवाज येत होता. पाहुणे आले असावेत, असं वाटून त्याने आत डोकावलं.

पाहुणे नव्हते. चिवड्याच्या पिशव्या, उशा, वह्या, सगळा पसारा जमिनीवर होता. त्याची आई मांडी घालून मधोमध बसली होती आणि हसून हसून डोळे पुसत होती. मुलगी टेबलावर उभी होती. तिने ग्लास उजेडासमोर धरला, नाक मुरडलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “यात काय पोहतंय? या घरात माणसं राहतात, की डुकरं?” बायको हसता हसता भिंतीला टेकली.

“पुरे गं, पोट दुखलं माझं,” आई म्हणाली. “आवरा आता. यायची वेळ झाली त्याची.”

“बसा हो निवांत,” बायको म्हणाली. “गाडी अजून कोपऱ्यावरसुद्धा आलेली नाही. आली की ऐकू येतंच.”