औषधाची पातळी

सुचेता गेल्याचं डॉक्टरांनी आयसीयूबाहेर येऊन सांगितलं, तेव्हा तिच्या रक्ताचा एक रिपोर्ट यायचा होता. तो तेराव्यानंतर तिच्या नवऱ्याच्या, भूपेशच्या हातात पडला. फिटच्या औषधाची रक्तातली पातळी: काही आढळलं नाही.

तो सिल्व्हर पार्कच्या लॅबमध्ये गेला. "मॅडम, रिपोर्ट चुकलाय."

लॅब चालवणाऱ्या निशिगंधा मॅडमनी कागद पाहिला. "अॅडमिट करतानाच घेतलेलं रक्त आहे. प्लाझ्मा वेगळा काढून दोनदा मशीनवर लावला. कणभर असतं तरी दिसलं असतं." त्यांनी आवाज खाली आणला. "पेशंट गोळी घेतच नाहीत बऱ्याचदा. घरच्यांना कळत नाही."

"माझ्यासमोर घ्यायची. गिळली की जीभ काढून दाखवायची. म्हणायची, झाली का खात्री, इन्स्पेक्टर?"

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "मग गोळीतच औषध नसेल. उरलेल्या घेऊन या. तपासायला पाठवू."

भूपेशने तिथूनच मुलीला, समीक्षाला फोन लावला. "समू, आईच्या फिटच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

"दिल्या, बाबा. औषधं फेकलेली आईला चालायची नाहीत ना. मंदिरात गरजूंसाठी ठेवलेल्या औषधपेटीत टाकायला गेले, तर तिथे एक बाई भेटली. काशीगावची. तिच्या मुलीला फिट येतात, हीच गोळी लागते. सगळी पाकिटं माझ्या हातातूनच घेतली तिने. पाया पडायला लागली हो माझ्या!"

"नाव काय तिचं?"

"नाव कोण विचारतं अशा वेळी?" समीक्षाचा आवाज आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "बरं केलं ना मी?"

"हो," भूपेश म्हणाला. फोन ठेवला.

काउंटरवरून मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. तो तसाच बाहेर पडला.

तो रिक्षाने काशीगावात उतरला. मेडिकलवाल्यांना विचारलं, दवाखान्यात विचारलं, शाळेच्या गेटवरच्या वॉचमनला विचारलं.

"किसकी बच्ची, अंकल? नाम तो बोलो. यहाँ इतने लोग रहते हैं," वॉचमन म्हणाला.

शाळा सुटली. मुली बाहेर पडू लागल्या. भूपेश एकेकीकडे बघत राहिला. सगळ्या चांगल्या दिसत होत्या.

त्या बाईला फक्त समीक्षाने पाहिलंय. समीक्षाला सांगायचं अजून राहिलंय.