सतरा नंबरचं घर

सतरा नंबरच्या घराचा फॉर्म कचेरीतल्या तपासणीच्या मॅडमनी गठ्ठ्यातून बाजूला काढला आणि दाराकडे निघालेले पेन्सिलराव थांबले.

"हा तुम्हीच भरलाय ना?"

"हो मॅडम. मीच."

घरोघर जायचं आणि महिनाभरात काय खाल्लंत, काय वापरलंत ते विचारून लिहायचं, हे पेन्सिलरावांचं अकरा वर्षांचं काम. तांदळापासून साबणापर्यंत साडेतीनशे वस्तू. आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवायची त्यांची सवय, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

अकरा वर्षांत त्यांनी लबाडी केली ती एकदाच. नेमकी तीच आता मॅडमच्या हातात होती.

सतरा नंबरला कुलूप होतं. तीनदा गेले, तिन्हीदा कुलूप. अशा वेळी वर कळवून दुसरं घर मागायचं, असा नियम. पण मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि चालून चालून पायांचे तुकडे पडले होते. ते सरळ घरी गेले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसले. बायको समोर तांदूळ निवडत होती.

"आज गप्पा मारायला सवड झाली म्हणायची," ती हसून म्हणाली.

गप्पा मारता मारता तासाभरात फॉर्म भरून झाला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबलोकांना जन्मभर नावं ठेवली, आणि शेवटी आपणही तेच केलं.

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. पाहणीसाठी निवडलेलं एक घर मागच्या बाराशे घरांच्या जागी धरलं जायचं. कुठल्या वस्तीला मदत द्यायची आणि कुणाची बंद करायची, हे अशा फॉर्मांवरून ठरायचं. बाराशे घरांच्या वतीने ते खोटं बोलले होते आणि त्याची लाज वाटत होती. भीतीही होती, ती का लपवायची? नोकरी गेली तर आईची औषधं कुठून आणायची, मुलीची शाळा कशी सुरू ठेवायची?

"बसा की," मॅडम म्हणाल्या. "उभे का?"

चोराच्या मनात चांदणं. ते खुर्चीच्या कडेला टेकले. जेवणाचा डबा मांडीवर घेतला. बायको डबा नेहमी दाबून भरायची, झाकण लावताना तिला गुडघा टेकवावा लागे.

"काय सुरेख फॉर्म भरलाय हो. आठवड्याला दीड लिंबू! लोक एक लिहितात नाहीतर दोन. शेऱ्यात काय, तर अंघोळीच्या साबणाची वडी मधोमध कापून वापरतात. हे मनाने कुणाला सुचत नाही. नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवणार होते मी."

"होते?"

"मग बेरीज केली." मॅडमनी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला. "माणसं चार. नवरा, बायको, म्हातारी आणि शाळकरी मुलगी. बाहेरचं खाणं कुणाचंच नाही. आणि अन्न आहे तिघांचं. तेही जेमतेम."

"लिहिण्यात माझी चूक झाली असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. तांदूळ पाहिला, डाळ पाहिली, तेल, बटाटे, दूध. सगळीकडे बरोबर एका माणसाचं कमी पडतंय. चूक इतकी शिस्तीत होते का?"

पेन्सिलरावांनी खिशातून पेन्सिल काढली. "मग तीनच माणसं लिहू का? एक खोडलं की जुळेल."

मॅडमनी फॉर्म परत स्वतःकडे ओढला.

"माणूस कसलं खोडताय? ते आहे तिथे. जेवत नाही इतकंच. पंचवीस वर्षं पाहतेय मी, बहुतेक वेळा ती ताटं वाढणारीच असते."

"पण ती मागाहून बसते जेवायला," पेन्सिलराव बोलून गेले.

"असं तिने सांगितलं?"

"हो."

"आणि मागाहून भांड्यात काय उरतं, ते विचारलंत?"

फॉर्मात तसा रकाना नव्हता. पेन्सिलरावांनी मान हलवली.

"तुमचा दोष नाही म्हणा," मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "नवऱ्याला विचारावं तर तो सांगतो, आमच्याकडे सगळे पोटभर जेवतात. बिचारा खोटंही बोलत नसतो. तो जेवलेला असतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जाऊ या आत्ताच. सतरा नंबर काही लांब नाही. मला त्या बाईला भेटायचंय."

मॅडम उठून पर्स शोधू लागल्या. पेन्सिलराव खुर्चीतच बसून राहिले. नोकरीचं काय ते होवो, पण आता बोलायलाच हवं होतं.

"मॅडम, तिथे जाऊन उपयोग नाही. सतरा नंबरला कुलूप आहे. मी त्या घरात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

मॅडमनी पर्स शोधणं सोडलं. त्या परत खाली बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या फॉर्मच पाहत होत्या, ओळीवरून बोट फिरवत.

"नियमाचं मग बघू," त्या म्हणाल्या. "पण हे आकडे मनचे नाहीत, हे मी लिहून देते. दीड लिंबू, कापलेली वडी. कुठेतरी बसून कुणाला तरी विचारलंय तुम्ही. कुणाचं स्वयंपाकघर आहे हे?"

पेन्सिलरावांनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. तो अजून गरम होता आणि नेहमीसारखाच जड होता.

"माझं," ते म्हणाले.