खिडकीचा तिसरा हात

चहाचे कप घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून दारातच थबकली. चेहरा लालबुंद. कान तर नुकतेच कुणी पिळल्यासारखे.

समोर त्याचा जुना जोडीदार, गवंडी, पोट धरून हसत होता. तिने कप स्टुलावर जवळजवळ आदळलेच.

"भावजी, सरका जरा."

"अगं, काही झालेलं नाही," चाकाच्या खुर्चीतून नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

रंगकाम करताना परांचीवरून पडल्यापासून छातीखालचं शरीर त्याला कळत नसे. तिथलं दुखणं वर पोचायचं ते भलत्याच वाटेने. डॉक्टरांनी सुरुवातीलाच तिला समोर बसवून समजावलं होतं. कण्यातून खाली जाणारा निरोप तुटलाय. नसांच्या टोकाशी जे रसायन झिरपतं, ते खालच्या रक्तवाहिन्यांना आता पुरेसं मिळत नाही, त्या उपाशी आहेत. कुठे चिमटा बसला, लघवीची नळी दुमडली, की ते थोडंसं सुटतं आणि त्या अधाशासारख्या त्यावर तुटून पडतात, घट्ट आवळतात. मग रक्तदाब चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. "लाल दिसला की खाली कारण शोधा. वेळ घालवलात तर जिवावर बेतेल."

एकदा बेतलंही होतं. मोज्याला पडलेली एक घडी, बस्स. तेव्हापासून लाल चेहरा दिसला की तिचे हात आपोआप चालू लागत.

तिने त्याला सरळ बसवलं. पट्टा सैल केला, बूट काढले, मोजे काढले, बोटं एकेक करून तपासली. नळी चाचपली. मोकळी होती. पिशवीही भरलेली नव्हती. मांडीखाली हात घालून पाहिलं, खुर्चीवर अंथरलेल्या चादरीला सुरकुती नव्हती.

"डोकं दुखतंय?"

"नाही गं."

"मागच्या वेळीही नाहीच म्हणालास."

गवंड्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. तिने रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा नवऱ्याच्या दंडाला गुंडाळला. तो फुगला, कण्हला, उतरला. आकडा नेहमीचाच होता. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजलं. तोच आकडा.

"मग चेहरा का लाल?"

नवरा खिडकीबाहेर बघत बसला, आणि कान आणखीच तापले.

"वहिनी," गवंडी खाकरला, "मी शाळेची गोष्ट काढली."

"कुठली शाळा?"

"तुम्ही शिकवायचात ती. आम्ही तिथे कामाला होतो तेव्हाची. सगळ्या खिडक्यांना रंगाचे दोन हात द्यायचे ठरलेले. ह्या पठ्ठ्याने तुमच्या वर्गाच्या खिडकीला तिसरा दिला. वर म्हणतो, लाकूड रंग पितंय. मुकादमाने विचारलं, खिडकी रंगवतोयस की पाढे पाठ करतोयस?"

"सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला," नवरा पुटपुटला.

तिला ती खिडकी आठवली. ओल्या रंगाचा वास आणि गजांपलीकडे ब्रश धरलेला एक हात, जो पुढे सरकायचं नावच घेत नव्हता. मुलं खिदळत होती म्हणून तिने खडूने फळा ठोकला होता. चिडली होती ती तेव्हा. निदान तसं दाखवलं तरी होतं.

इतकी वर्षं त्या चेहऱ्याकडे ती पहारेकऱ्यासारखी बघत आली. लाल म्हणजे धोका. माणूस लाजूनही लाल होतो हे ती साफ विसरून गेली होती, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. ती खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली, त्याचा मोजा हातात धरून.

"तीन हात," ती म्हणाली. "आणि मला आज कळतंय."

गवंड्याने आपला कप उचलला आणि चहाला साखर हवी म्हणून स्वयंपाकघरात निघून गेला.

नवऱ्याने मान वळवून तिच्या लाल होत चाललेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग दंडाचा पट्टा सोडवून तिच्यापुढे धरला.

"इकडे आण दंड," तो म्हणाला. "आता तुझं मोजू."